हार्मोनची गोळी कोणाला मिळते, कोणाला नाही

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायकांची 2019 मध्ये पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्याच वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत सरकारनं सांगितलं होतं की जिल्ह्यात तीन वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. मग वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले, समिती बसली. फडावर ना पाणी, ना आडोसा. पाळीच्या दुखण्यानं एक दिवस कोपीत पडून राहिलं तर खाडा लागतो, वर दंड कापला जातो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायची असते. अशा बाईला डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली की ती पिशवी काढायला तयार होते, हे महाराष्ट्राला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. ती चर्चा व्हायलाच हवी होती आणि अजून ती संपलेली नाही.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. पिशवी काढून बाई घरी आली. वय बत्तीस. पुढची पन्नास वर्षं तिच्या शरीरात काय होणार, हे तिला कोणी सांगितलं का? ते सोसण्यासाठी जे औषध आहे, ते तिला कोणी दिलं का?

गर्भपिशवी आणि अंडाशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी बायकांना माहीत नसतं. पिशवी गेली की पाळी जाते, मूल होत नाही. पण अंडाशय गेले की त्यांत बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन जातं, आणि ते जाणं फार मोठं असतं. अनेकदा पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढून टाकले जातात, ‘पुढं कटकट नको’ म्हणून. नैसर्गिकरीत्या पाळी जाते तेव्हा शरीराला काही वर्षं सावरायला मिळतात. इथं भूल उतरते त्या दिवशीच बाई रजोनिवृत्तीत गेलेली असते. अंडाशय जागेवर ठेवले तरी पिशवी काढलेल्या बायकांमध्ये ते काही वर्षं लवकर थकतात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे.

अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामानं अंथरूण ओलं होतं, झोप मोडते, चिडचिड होते. हे निदान लक्षात तरी येतं. हाडांचं मात्र काहीच कळत नाही. आपलं हाड आयुष्यभर एका बाजूनं झिजत आणि दुसऱ्या बाजूनं भरत असतं, आणि झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवरून धरतं. ते एकदम गेलं की पहिल्या काही वर्षांतच हाडं झपाट्यानं पोकळ व्हायला लागतात. आता ही बाई काय काम करते ते डोळ्यांपुढं आणा. कोयत्यानं ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला टेकवलेल्या फळीवरून वर चढून टाकायची. दिवसभर आणि कित्येकदा रात्रीही, कारण गाडी कधी येईल ते कारखाना ठरवतो. मणका आणि मांडीचं हाड ज्या कामात सर्वांत जास्त लागतं, ते काम आपण इस्ट्रोजेन संपलेल्या तिशीतल्या बाईकडून करून घेतो. चाळिशीत तिची कंबर गेली की म्हणतो, ‘पिशवी काढलेल्या बायांचं असंच असतं.’

असंच असण्याचं कारण नाही. अकाली गेलेलं इस्ट्रोजेन गोळीच्या किंवा त्वचेवर लावायच्या जेलच्या रूपानं परत देता येतं, आणि पाळी ज्या वयात एरवी गेली असती, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, ते द्यावं यावर जगभरच्या स्त्रीरोग संघटनांचं एकमत आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अंडाशय काढलेल्या स्त्रियांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि ही वाढ मुख्यतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं गेलं नव्हतं त्यांच्यात होती. हा अभ्यास 2006 मध्येच प्रसिद्ध झाला आहे.

तिशीत अंडाशय गमावलेल्या बाईला इस्ट्रोजेन देणं म्हणजे तारुण्य टिकवायची हौस नव्हे. तिच्या शरीरातून जे काढून घेतलं ते तिला परत देणं आहे. थायरॉइड काढलेल्या माणसाला आपण थायरॉक्सिन देतोच ना? तिथं कोणी म्हणत नाही की हार्मोन वाईट.

मग हिच्या बाबतीत तसं का म्हणतात? या भीतीचा उगम बऱ्याच अंशी जुलै 2002 मध्ये आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा एक भाग त्या महिन्यात अर्ध्यावर थांबवला गेला. गर्भाशय शाबूत असलेल्या 16,608 स्त्रियांपैकी अर्ध्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन एकत्र देत होते, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. ‘हार्मोननं स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो’ ही बातमी जगभर गेली. आकडा खरा होता, पण तो कशाचे 26 टक्के हे फारसं कोणी सांगितलं नाही. वर्षाला दहा हजार स्त्रियांमध्ये एरवी 30 जणींना हा कॅन्सर होत होता, तिथं गोळी घेणाऱ्यांमध्ये तो 38 जणींना झाला. आठ जास्त. पक्षाघाताचे आठ जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे आठ जास्त, हृदयविकाराचे सात जास्त. दुसऱ्या बाजूला खुब्याचं हाड मोडण्याचे पाच आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे सहा कमी. हे धोके खोटे नाहीत आणि दुर्लक्ष करावं असेही नाहीत. ज्या आठजणींना कॅन्सर झाला त्यांना तो पूर्णच झाला. पण या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. पाळी जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेल्या बाईच्या रक्तवाहिन्या आणि बत्तीस वर्षांच्या बाईच्या रक्तवाहिन्या यांत फरक असतो. पहिलीला झालेला अपाय दुसरीच्या माथी मारणं अशास्त्रीय आहे.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग तर थेट आपल्या ऊसतोड बायकांशी जोडावा असा आहे. गर्भपिशवी आधीच काढलेल्या 10,739 स्त्रिया त्यात होत्या. त्यांना प्रोजेस्टिनची गरज नसते, कारण ते देतात ते गर्भाशयाच्या अस्तराला कॅन्सरपासून वाचवण्यासाठी. म्हणून अर्ध्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं. हा भाग 2004 मध्ये थांबला, पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. पण स्तनाचा कॅन्सर या गटात वाढला नाही, आणि पुढं अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात तो कमीच झालेला दिसला. याही स्त्रियांचं सरासरी वय साठीच्या पुढंच होतं. म्हणजे पिशवी नसलेली, तरुण, अंडाशय गमावलेली बाई ही या उपचाराचा फायदा सर्वांत जास्त आणि धोका सर्वांत कमी असणाऱ्यांपैकी आहे. आणि आपल्याकडे तो मिळण्याची शक्यता सर्वांत कमी तिलाच.

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरच्या सर्वांत कडक इशाऱ्यांपैकी बहुतेक काढायचा निर्णय जाहीर केला. उशीर झाला, पण बरं झालं. माझी काळजी वेगळी आहे. या निर्णयाचा पहिला वापर बीडमधल्या गेवराई-धारूरच्या बाईसाठी होईल असं मला वाटत नाही. तो पुण्या-मुंबईतल्या ‘वेलनेस’ दवाखान्यांच्या जाहिरातींत होईल. 1960 च्या दशकात अमेरिकेत इस्ट्रोजेन असंच चिरतारुण्याची गोळी म्हणून विकलं गेलं, गर्भाशय असलेल्या बायकांनाही नुसतं दिलं गेलं, आणि 1975 मध्ये कळलं की त्यानं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पटींनी वाढतो.

हे झालं ज्यांना हवं त्यांना न मिळण्याबद्दल. आता काउंटरकडे वळतो.

श्रावण लागला की मेडिकलच्या दुकानात एक मागणी वाढते, ती थेट गौरी-गणपतीपर्यंत. ‘पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या द्या.’ कधी बाई स्वतः येते, कधी नवरा, कधी शेजारच्या मुलीला चिठोरं देऊन पाठवलेलं असतं. दुकानदार ड्रॉवर उघडतो, पट्टी काढतो आणि कात्रीनं सहा किंवा नऊ गोळ्यांचा तुकडा कापून देतो. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहते. ‘दिवसाला तीन, तारखेच्या तीन दिवस आधी चालू करा, थांबवलं की दोन-तीन दिवसांत येईल.’ पैसे दिले, झालं. पावती नाही, चिठ्ठी नाही.

त्या गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन. चांगलं, जुनं, उपयोगी औषध आहे. अंगावरून फार जात असेल तर थांबवायला, एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराच्या) दुखण्यात, डॉक्टर ते रोज लिहून देतात, आणि पाळी पुढं ढकलायलाही देतात. निरोगी बाईनं आठवडाभर घेतलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. घाबरवून सोडणं हा माझा हेतू नाही. पण शरीरात गेल्यावर या औषधाचा थोडा भाग एथिनिल इस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन घेतलं तर ते 20 ते 30 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑलच्या तोडीचं होतं. गर्भनिरोधक गोळीत साधारण इतकंच असतं. म्हणजे रक्तात गुठळी होण्याचा जो धोका त्या गोळीला आहे, तो हिलाही आहे. ज्या बाईला पूर्वी पायात गुठळी झाली आहे, डोळ्यांपुढं लखलखून मग अर्धशिशी सुरू होते, रक्तदाब वाढलेला आहे, यकृताचा आजार आहे, नुकतंच बाळंतपण झालंय, तिनं ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. विचारायला दोन मिनिटं लागतात. काउंटरवर ती दोन मिनिटं कोणी देत नाही.

आणखी एक गोष्ट होते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गोळ्या संपल्या, पाळी आली नाही, ‘गोळीमुळं पुढं गेली असेल’ म्हणून बाई वाट पाहत बसते. मुळात दिवस गेलेले असतात. किंवा पाळी आधीपासूनच अनियमित असते, मधेच डाग लागतात, आणि त्याची तपासणी करण्याऐवजी दर सणाला गोळ्यांनी तारखा सरकवल्या जातात. चाळिशीतल्या बाईला अवेळी रक्तस्राव होत असेल तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे. सणांच्या गडबडीत ते राहून जातं.

या मागणीच्या मुळाशी विटाळ आहे, हे उघड बोलावं. घरात पूजा आहे आणि सुनेची तारीख त्याच दिवसांत येते, म्हणून सून औषध घेते. बाईनं स्वतःच्या सोयीसाठी, परीक्षेसाठी, स्पर्धेसाठी, प्रवासासाठी पाळी पुढं ढकलायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय आहे आणि डॉक्टरनं तिला त्यात मदत करावी. पण सासूच्या किंवा गुरुजींच्या धाकापायी घेतलेली गोळी हा तिचा निर्णय नसतो. घरातल्यांनी एवढं ठरवलं की पाळी आलेल्या बाईनं गौरीला हळदीकुंकू वाहिलं तर काही बिघडत नाही, तर दरवर्षी लाखो गोळ्या वाचतील. उसाच्या फडातली बाई पाळी नको म्हणून पिशवी काढते आणि शहरातली पाळी नको म्हणून गोळी घेते. परिस्थिती वेगळी आहे, पण दोघींच्याही पाळीला जागा नाही आणि त्याची किंमत दोघींचं शरीर मोजतं.

कायदा काय म्हणतो? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम 1945 मधल्या शेड्यूल एचमध्ये असलेली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नॉरएथिस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन सगळी त्यात येतात. पट्टीवर लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय मिळणारं प्रत्येक हार्मोन धोक्याचं, असं मात्र मी म्हणत नाही. माला-डी चिठ्ठीशिवाय मिळते, संबंधांनंतर घ्यायची 72 तासांची गोळी 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि ते योग्यच आहे. तिथं सरकारनं विचार करून ठरवलं की नको असलेल्या गर्भारपणाचा धोका गोळीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. पाकिटात माहितीपत्रक असतं, मात्रा ठरलेली असते. नॉरएथिस्टेरॉनच्या कापलेल्या तुकड्यामागं असा कुठलाच विचार नाही. ते नुसतं चालत आलंय म्हणून चालतंय.

अशी चालत आलेली गोष्ट थांबवायला किती वेळ लागतो, याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेची गोळी किंवा इंजेक्शन ‘दिवस गेलेत का’ हे पाहायला सर्रास दिलं जायचं. दोन-तीन दिवसांत पाळी आली तर दिवस गेलेले नाहीत, नाही आली तर गेलेत. कितीतरी बायकांनी तर गर्भ पडेल या आशेनं ती घेतली. पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका असल्याचा संशय पाश्चात्त्य देशांत 1960 च्या दशकातच व्यक्त झाला होता. ब्रिटनमध्ये असं औषध 1978 मध्ये बाजारातून गेलं, आणि 2020 मध्ये तिथल्या सरकारनं नेमलेल्या चौकशीनं म्हटलं की टाळता येण्याजोगं नुकसान झालं. भारतात स्त्रीसंघटना आणि लोकविज्ञानाच्या चळवळीतल्या डॉक्टरांनी यावर रान उठवलं. महाराष्ट्रातले कार्यकर्ते त्यात पुढं होते. 1982 मध्ये केंद्रानं बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती आली, मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि शेवटी 1988 मध्ये बंदी पक्की झाली. मधल्या सहा वर्षांत ते औषध विकलं जातच होतं. आज घरच्या घरी लघवीची पट्टी बुडवून दिवस गेलेत की नाही ते कळतं. त्या काळच्या बायकांना त्यासाठी स्वतःच्या गर्भावर औषध टाकावं लागत होतं.

त्यापेक्षा ताजा अनुभव 2021 चा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोल या आपल्याच शरीरातल्या संप्रेरकाचं कृत्रिम, कितीतरी पट तीव्र रूप. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं की कोविडमध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू या स्वस्त औषधानं एक तृतीयांशानं कमी होतात, ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशानं. मात्रा रोज 6 मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे काय झालं? ताप आला, व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी आली, पहिल्याच दिवशी घरी स्टेरॉइड सुरू झालं, मात्रा वाढत गेली, साखर कोणी तपासली नाही. काळ्या बुरशीचे देशात 45 हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. मधुमेह, कोविड आणि स्टेरॉइड या तिन्हींनी मिळून ते घडवलं. एकट्या औषधाला दोष देणं चूक ठरेल. पण शस्त्रक्रियेत डोळा, वरचा जबडा गमावलेली माणसं आज आपल्या गावात आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना ती गोळी लागतच नव्हती.

पुन्हा तेच औषध दम्याच्या झटक्यात जीव वाचवतं, संधिवातात आराम देतं. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे शरीर स्वतः कॉर्टिसोल पुरेसं बनवत नाही तेव्हा, तर रोज कॉर्टिसोल दिल्याशिवाय माणूस जगत नाही. म्हणून ‘स्टेरॉइड नको रे बाबा’ म्हणणारा रुग्ण मला तितकाच काळजीत टाकतो. इन्सुलिनचंही तेच. जानेवारी 1922 मध्ये टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं, त्याआधी टाइप 1 मधुमेहाचं मूल उपाशी ठेवून काही महिने जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. आजही ‘सुई एकदा लागली की सुटत नाही’ म्हणून कोणी पोराचं इन्सुलिन बंद करून काढा चालू करतं आणि पोर बेशुद्धावस्थेत दवाखान्यात येतं. सुटत नाही हे खरंच आहे. श्वासही सुटत नाही.

जिममधल्या पोरांबद्दल थोडं. पोलीस भरती, सैन्य भरती किंवा नुसतं इन्स्टाग्रामवर दंड दाखवायचे म्हणून टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोलची ‘सायकल’, म्हणजे काही आठवड्यांचा कोर्स, मारली जाते. सुई देणारा ट्रेनर असतो किंवा सीनियर. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी वृषणांना आदेश देणं थांबवते. गच्चीवरची टाकी टँकरनं भरली की फ्लोट वर येऊन नळाचं पाणी बंद होतं, तसं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू बनायचे थांबतात. सायकल सोडल्यावर बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, काहींचं पूर्ण सुधारत नाही. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासलं तर शुक्राणू शून्य, आणि तोवर बायकोच्या चार तपासण्या आणि सासरचे टोमणे होऊन गेलेले असतात. शिवाय हृदयाची भिंत जाड होते, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, गोळ्या असतील तर यकृत बिघडतं. ज्याला जन्मजात किंवा आजारानं टेस्टोस्टेरॉन कमी आहे, त्याला मात्र हेच औषध दाढी-मिशी, ताकद, हाडं, आत्मविश्वास सगळं देतं. रक्ताची तपासणी केल्याशिवाय हे दोघं वेगळे ओळखता येत नाहीत.

सप्लिमेंटच्या डब्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानं मेलाटोनिन, डीएचईए यांसारखी हार्मोन आहारपूरक म्हणून विकायला मोकळीक मिळाली, आणि तिकडे राहणारे आपले नातेवाईक येताना त्या बाटल्या ‘झोपेसाठी चांगल्या’ म्हणून आई-वडिलांना आणतात. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मेलाटोनिनची 31 उत्पादनं तपासली. लिहिलेल्या मात्रेपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्तपर्यंत काहीही निघालं. वडील रक्तदाबाची आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील तर ती बाटली देण्याआधी त्यांच्या डॉक्टरला दाखवा.

काउंटरकडे माणूस नेहमी बेपर्वाईनंच वळतो असं नाही. कित्येकदा दुसरं दार बंद असतं. ट्रान्सजेंडर स्त्रियांना शरीर बदलण्यासाठी इस्ट्रोजेन लागतं. ते तज्ज्ञाकडून, रक्त तपासत, इस्ट्राडिऑलच्या रूपात मिळायला हवं. प्रत्यक्षात एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ, मोठ्या शहरात, फी मोठी आणि वागणूक अपमानाची, म्हणून अनेकजणी गुरू किंवा मैत्रीण सांगेल त्याप्रमाणे गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला तीन-चार घेतात. त्यांत एथिनिल इस्ट्राडिऑल असतं, जे या कामासाठी वापरू नये असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, कारण त्यानं गुठळीचा धोका जास्त वाढतो. त्यांना ‘हार्मोन घेऊ नका’ असा उपदेश करून काहीही होणार नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस सन्मानानं वागवणारा दवाखाना चालू केला तर होईल.

या सगळ्यात औषधाचा दोष फार थोडा आहे. ते नेमकं कोणाला, किती, किती दिवस आणि काय तपासून द्यायचं, हे ज्ञान आपल्याकडे आहे. ते काउंटरपर्यंतही पोचत नाही आणि फडापर्यंतही पोचत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की अन्न व औषध प्रशासनानं निदान नॉरएथिस्टेरॉन, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं या तीन गोष्टींसाठी मेडिकलच्या नोंदवह्या सणांच्या आणि भरतीच्या हंगामात तपासाव्यात. पट्टी कापून देताना नाव आणि तारीख ग्राहकाकडे गेलीच पाहिजे, हा आग्रह आपण गिऱ्हाइकांनीही धरावा. तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत असेल, तर या गोळीपुरते चार प्रश्न विचारायचं प्रशिक्षण फार्मासिस्टला द्यायला काय हरकत आहे? मला तर तेच जास्त उपयोगाचं वाटतं. नुसत्या बंदीनं गोळी ड्रॉवरमधून चोरट्या बाजारात जाईल आणि महाग होईल.

आणि बीडकडे परत यायलाच हवं, कारण तिथं यंत्रणा आयती उभी आहे. 2019 नंतर तिथं खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, आणि टोळ्या कारखान्याकडे निघण्यापूर्वी बायकांची आरोग्य तपासणी करायची असं ठरलं आहे. ही तपासणी आज प्रामुख्यानं रक्त, वजन, रक्तदाब यांची आहे. तिच्यात इतकंच वाढवा: पिशवी काढली आहे का, कोणत्या वयात, अंडाशय ठेवले की काढले, आणि त्यानंतर कुठलं हार्मोन चालू आहे का. कार्डावर लिहिलेलं नसेल तर सोनोग्राफी करून पाहा. पंचेचाळिशीच्या आत अंडाशय गेलेल्या प्रत्येक बाईची स्तन, रक्तदाब आणि गुठळीचा इतिहास यांची तपासणी करून, हरकत नसेल तर इस्ट्रोजेन, सोबत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी, प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट द्या. पेटंट कधीच संपलेली औषधं आहेत ही, तिजोरीला भारी नाहीत. सहा महिने ती सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात असते, तेव्हा गोळ्या तिच्याबरोबर निघाल्या पाहिजेत आणि कारखान्याच्या तळाजवळच्या आरोग्य केंद्रात तिचं कार्ड चाललं पाहिजे. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. या वर्षीच्या कार्डावर हे चार प्रश्न छापायला अजून वेळ आहे.